चूल, मीठ आणि वाटा : उपाहारगृहातील कामगारांच्या कुटुंबभावाचा भाषिक व वाङ्मयीन विचार

१. प्रास्ताविक

मराठीत खाण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'माझे खाद्यजीवन' या लेखापासून ते वृत्तपत्रांतील आजच्या सदरांपर्यंत या लेखनाची परंपरा अखंड आहे. पाककृतींच्या पुस्तकांची परंपराही मोठी आहे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (१९७०) हे त्यांतील सर्वाधिक घराघरांत पोहोचलेले पुस्तक. या दोन परंपरांत लिहिणारी व्यक्ती एकतर खाणारी असते किंवा आपल्या घरच्यांसाठी रांधणारी असते. परक्यांसाठी, पगार घेऊन, दुसऱ्याच्या चुलीपुढे उभा राहून रांधणारा माणूस या लेखनात क्वचितच दिसतो. आणि दिसला तरी तो वाढपी म्हणून, म्हणजे गिऱ्हाइकाच्या नजरेच्या टप्प्यात येण्यापुरता दिसतो. भटारखान्याचे दार ओलांडून आत जाणारे लेखन फार थोडे आहे.

या दाराआड काम करणारी माणसे आपल्या परस्परसंबंधाला नाव देताना बहुधा 'कुटुंब' या कल्पनेचा आधार घेतात. मालकही तेच करतो. 'आमच्याकडे नोकर कोणी नाही, सगळी घरचीच माणसे' हे वाक्य या व्यवसायात सर्वत्र ऐकू येते. या वाक्याकडे दोन प्रकारे पाहिले जाते. एक दृष्टी त्याला भाबडेपणाने खरे मानते. दुसरी त्याला शोषणावर घातलेले पांघरूण समजून बाजूला सारते. प्रस्तुत निबंधाला या दोन्ही दृष्टी अपुऱ्या वाटतात. कुटुंबभाव ही येथे एकच गोष्ट नाही; एकाच शब्दाखाली दोन वेगळी नाती नांदत असतात, आणि त्यांतला भेद खुद्द मराठी भाषेनेच आपल्या वाक्प्रचारांत जपून ठेवलेला आहे. चूल, मीठ आणि वाटा या तीन शब्दांच्या आधारे हा भेद स्पष्ट करणे आणि वाङ्मयाच्या अभ्यासात त्याचा उपयोग काय ते पाहणे, एवढाच या निबंधाचा हेतू आहे.

२. चूल : पंगतीचे नाते

मराठीत कुटुंबाची ओळख रक्तापेक्षा चुलीवरून होते. भाऊ एका घरात राहूनही विभक्त असू शकतात. ते विभक्त झाले असे आपण केव्हा म्हणतो, तर 'चुली वेगळ्या झाल्या' तेव्हा. स्वतंत्र संसाराला 'वेगळी चूल मांडणे' म्हणतात, आणि हाच वाक्प्रचार पक्ष फोडणाऱ्या पुढाऱ्यालाही लावतात. याचा अर्थ असा की, एका चुलीवरचे खाणारे ते एक कुटुंब, ही व्याख्या भाषेने आधीच मान्य केलेली आहे. उपाहारगृहातील कामगार स्वतःला कुटुंब म्हणवतात तेव्हा ते रूपक वापरत आहेत असे आपल्याला वाटते. भाषेच्या अंगाने पाहिले तर ते शब्दशः बोलत असतात.

या भाषिक आधाराला कामाच्या स्वरूपाची जोड मिळते. मुंबईच्या मध्यम प्रतीच्या उपाहारगृहाची जुनी रचना घ्यावी. गल्ल्यावर मालक किंवा त्याचा माणूस; टेबलांमधून वाढपी; फडके मारणारा पोरगा; आत आचारी, त्याच्या हाताखालचे मदतनीस, वाटण-पीठ पाहणारा, आणि मोरीवर भांडी व कपबशा विसळणारा. दुपारच्या गर्दीच्या दोन-अडीच तासांत ही माणसे एकमेकांशी पूर्ण वाक्ये बोलत नाहीत. अर्ध्या शब्दावर, नजरेवर, कढईच्या आवाजावर काम चालते. एकाचा हात मंदावला तर त्याचा भार शेजारच्यावर पडतो. एकाला भाजले तर दुसऱ्याने त्याची शेगडी सांभाळायची असते. अशा परस्परावलंबनातून जो विश्वास निर्माण होतो तो नियमावलीने निर्माण होत नाही. युरोपीय स्वयंपाकघरांत एस्कॉफिए (१८४६–१९३५) या फ्रेंच पाकशास्त्रज्ञाने कामाची जी विभागणी रूढ केली, तिला लष्करी तुकडीचे नाव आहे. पण त्या पद्धतीने चालणाऱ्या पाश्चात्त्य उपाहारगृहांतही गिऱ्हाइके येण्यापूर्वी सर्व कामगार एकत्र जेवतात त्या जेवणाला आज 'कुटुंबाचे जेवण' असेच म्हणतात. हुकूम तुकडीचा आणि जेवण कुटुंबाचे, असा हा मेळ आहे.

मुंबईत या नात्याला राहण्याच्या व्यवस्थेने आणखी घट्ट केले. दक्षिण कानडा, कोकण, घाट अशा प्रदेशांतून आलेल्या मुलाला शहरात घर नसे. त्याला काम मिळे तेथेच निवारा मिळे : रात्री टेबले जोडून, पोटमाळ्यावर, पिठाच्या पोत्यांशेजारी. त्याच्या आधी आलेला गावकरी त्याला काम शिकवी, आजारात औषध आणून देई, त्याचे पत्र लिहून देई. दिवसा मोरीवर आणि संध्याकाळनंतर रात्रशाळेत, अशा रीतीने शिकलेल्या हॉटेलातील मुलांची एक पिढीच मुंबईत होऊन गेली. एकाला शाळेला जाता यावे म्हणून त्याच्या वाटणीच्या कपबशा दुसऱ्याने विसळायच्या, हा व्यवहार सख्ख्या भावाभावांतही सहज होत नाही. शेवटचे गिऱ्हाईक गेल्यावर, गाळ्याचे दार अर्धे ओढून, उरलेल्या भातावर आमटी घेऊन ही मंडळी गोल करून बसत, त्या पंगतीत मालक नसे. या आडव्या, समपातळीवरच्या नात्याला आपण 'पंगतीचे नाते' म्हणू.

मात्र हे नाते निर्मळ होते असे समजण्याचे कारण नाही. पंगत हा शब्द आपल्या समाजात सहभोजन आणि भेद या दोहोंचा वाचक आहे. म्हणूनच वाढण्यातील पक्षपाताला 'पंक्तिप्रपंच' हा खास शब्द मराठीत आहे. चुलीजवळ कोणी उभे राहायचे आणि मोरीवर कोणी बसायचे, हे अनेक ठिकाणी कौशल्याआधी जातीने ठरे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी काढलेल्या चहाच्या हॉटेलात राजर्षी शाहू महाराज स्वतः जाऊन चहा घेत, ही घटना आपण सामाजिक सुधारणेचा दाखला म्हणून सांगतो. अस्पृश्य मानलेल्या हाताने केलेला चहा पिण्यासाठी राजालाच पुढे यावे लागले, हा तिचा दुसरा अर्थ. तेव्हा पंगतीचे नाते समपातळीचे असले तरी पंगतीत कोणाला बसू दिले गेले, हा प्रश्न अभ्यासकाने प्रत्येक वेळी विचारला पाहिजे.

३. मीठ : उपकाराचे नाते

चुलीशेजारीच दुसरी वस्तू आहे, ती मीठ. 'खाल्ल्या मिठाला जागणे' हा वाक्प्रचार मालक आणि सेवक यांच्यातील नाते सांगतो. येथे अन्न देणारा वर आहे, घेणारा खाली आहे, आणि खाल्लेल्या अन्नाची परतफेड निष्ठेने करावयाची आहे. चुलीच्या वाक्प्रचारात सर्वजण एकत्र खातात. मिठाच्या वाक्प्रचारात एक देतो व दुसरा खातो. अन्न तेच, पण नाते उभे झाले.

उपाहारगृहाच्या अर्थव्यवहारात ही दोन नाती एकमेकांत मिसळली जातात. 'जेवूनखाऊन पगार' या प्रथेत जेवण व निवारा हे पगाराचेच अंश असतात. तरीही बोलताना ते मालकाच्या मायेत जमा होतात. घरच्या लग्नाला किंवा दुखण्याला दिलेली उचल ही हिशेबाच्या वहीत कर्ज असते आणि बोलण्यात आधार असते. कामगार सोडून जाऊ लागला की, वही पुढे केली जात नाही. 'तुला पोरासारखा वाढवला' असे म्हटले जाते. पगार मागणे हा हक्क आहे, पण बापाकडे पगार मागणे हा कृतघ्नपणा ठरतो. कुटुंबाच्या भाषेने येथे मजुरीच्या मागणीतील शब्दच काढून घेतलेला असतो. सर्वच मालक हे हेतुपुरस्सर करतात असे नव्हे. त्यांतले कित्येक स्वतः मोरीवरून गल्ल्यावर आलेले असतात आणि आपली माया त्यांना मनापासून खरी वाटते. त्यामुळेच ही भाषा अधिक परिणामकारक ठरते.

हाका मारण्याची पद्धत या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. मालक 'शेठ' असतो, 'अण्णा' असतो, कोठे 'काका' किंवा 'दादा'. 'अण्णा' या हाकेचा प्रवास लक्षणीय आहे : कन्नडमध्ये थोरला भाऊ असा अर्थ असलेला हा शब्द मराठीतही वडीलधाऱ्यासाठी आहे, दोन्ही भाषांना ओळखीचा असल्याने मुंबईच्या उडुपी उपाहारगृहांत तो मालकासाठी सहज रुळला. उलट वयस्क कामगार बहुधा 'मामा' असतो, भांडी घासणारी स्त्री 'मावशी' असते. याला अपवाद आहेत, हा नियम म्हणून सांगता येणार नाही. परंतु कल स्पष्ट दिसतो. मालकाकडे जाणाऱ्या हाका बव्हंशी पित्याच्या वा भावाच्या बाजूच्या. कामगाराकडे जाणाऱ्या आईच्या बाजूच्या. आपल्या कुटुंबव्यवस्थेत या दोन बाजूंचा अर्थ वेगळा आहे. वडिलांच्या बाजूचे नातेवाईक म्हणजे भाऊबंद. त्यांच्याशी जमिनीचा, घराचा, वाटणीचा संबंध येतो, म्हणून 'भाऊबंदकी' हा शब्द भांडणाचाच पर्याय झाला. मामा आणि मावशी हे निव्वळ मायेचे धनी. 'माय मरो, पण मावशी जगो' असे आपण म्हणतो, परंतु मावशीच्या मायेला इस्टेटीत जागा नाही. कामगाराला 'मामा' म्हणताना आपण त्याला कुटुंबात घेतो. पण वाट्याचा प्रश्न जिथे येत नाही अशाच कोपऱ्यात त्याला बसवतो. 'बारक्या' किंवा 'छोटू' या हाकांची गत याहून वाईट. त्यांत नाते तर नाहीच, नावही नाही.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही, हे कायद्याच्या उदाहरणाने पटावे. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना उपाहारगृहे, धाबे व चहाच्या टपऱ्यांत कामाला ठेवण्यास बंदी झाली. २०१६ च्या दुरुस्तीने ही बंदी सर्वच व्यवसायांना लागू केली. मात्र शाळेच्या वेळेबाहेर व सुट्टीत, धोकादायक नसलेल्या कामात, स्वतःच्या कुटुंबाला किंवा कौटुंबिक उद्योगाला मदत करणारे मूल तिने अपवाद म्हणून वगळले. मग कुटुंब म्हणजे कोण, हे कायद्याला सांगावे लागले. त्याने आई, वडील, भाऊ, बहीण यांच्याबरोबर वडिलांची व आईची भावंडे, म्हणजे काका, आत्या, मामा व मावशी, यांचा समावेश केला. ज्या व्यवसायात प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा मामा असतो, तेथे या व्याख्येची परीक्षा रोज होते. मोरीवर बसलेल्या मुलाला 'हा कोण?' असे विचारले असता 'भाचा' हे उत्तर आले, तर ते नाते रक्ताचे, गावाचे की सोयीचे, यावर त्या मुलाची शाळा अवलंबून असते.

४. वाङ्मयातील साक्ष

या दोन नात्यांतील ताण वाङ्मयात कसा येतो? मराठीत पहिला दाखला नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांच्या जीवनाचा घ्यावा लागतो. रस्त्यावर सापडलेल्या या मुलाला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने व काशीबाईंनी वाढवले, आपले आडनाव दिले. पुढे गंगाराम सुर्वे गावी परतल्यावर हा मुलगा मुंबईत एकटा राहिला आणि हॉटेलात कपबशा विसळण्यापासून घरगडी, हमाल, गिरणी कामगार अशी कामे करीत मोठा झाला. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) व 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांतील कवितेत कामगारांविषयी जी आप्तता आहे, तिचे स्पष्टीकरण समीक्षेने बहुधा मार्क्सवादी वर्गजाणिवेतून केले. ते योग्यच आहे. पण अपुरे आहे. ज्याचे पहिले कुटुंबच रक्तावाचून घडलेले आहे, त्याला नाते हे जन्माने मिळत नसून निभावल्याने घडते याचा अनुभव विचारप्रणालीच्या आधी आलेला असतो. सुर्वे यांच्या कवितेत आप्तता आहे, पण मिठाला जागणारी कृतज्ञता नाही. पंगतीचे नाते त्यांनी स्वीकारले आणि उपकाराच्या नात्याला हक्काच्या भाषेत उत्तर दिले. त्यांच्या कवितेतील 'मी' एवढा ताठ का, याचे एक कारण येथे सापडते.

याउलट विठ्ठल कामत यांचे 'इडली, ऑर्किड आणि मी' हे आत्मकथन हॉटेल व्यवसायाची आतली बाजू मराठी वाचकापर्यंत नेते, पण ते मालकाच्या स्थानावरून. उद्योजकाचे आत्मकथन म्हणून त्याचे मोल आहेच. प्रश्न साहित्यप्रकाराचा आहे : उत्कर्षाच्या कथेत स्वयंपाकघर ही पायरी असते, तेथेच आयुष्य काढणाऱ्याला ते मुक्कामाचे ठिकाण असते. मुक्कामाचे आत्मकथन मराठीत आपल्याला शोधावे लागते.

तुलनेसाठी इंग्रजीतील एक नाटक उपयोगी पडेल. आर्नोल्ड वेस्कर यांचे 'द किचन' हे नाटक लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये १९५९ साली प्रथम रंगमंचावर आले. वेस्कर यांनी स्वतः उपाहारगृहांत पेस्ट्री करण्याचे काम केले होते. नाटकात एका मोठ्या उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरातील एक दिवस आहे. निरनिराळ्या देशांचे आचारी, वाढणाऱ्या मुली, भांडी धुणारे अशी सुमारे तीस पात्रे. आदल्या रात्रीच्या भांडणाच्या खुणा चेहऱ्यावर घेऊन ही माणसे कामाला येतात आणि गर्दीच्या वेळी एका यंत्राचे भाग असल्यासारखी वागतात. दुपारच्या निवांत वेळी पीटर हा जर्मन आचारी इतरांना त्यांची स्वप्ने विचारतो. पंगतीचे नाते येथे क्षणभर उमलते. पुढे एक भणंग माणूस अन्न मागायला येतो. पीटर त्याला सूपऐवजी चांगले मांसाचे तुकडे देतो, आणि मालक मॅरँगो ते पाहून चिडतो. त्याला तो घातपात वाटतो. आपल्या परिभाषेत सांगायचे तर पीटर घरच्या माणसासारखा वागला आणि घर आपले नाही हे त्याला त्याच वेळी कळले. शेवटी पीटर बेभान होऊन स्वयंपाकघरच बंद पाडतो. तेव्हा मालकाला एकच कळत नाही : मी काम देतो, पगार देतो, हवे ते खाऊ देतो, आणखी काय पाहिजे? मिठाचे नाते मानणाऱ्याला पडणारा हा प्रश्न आहे. वेस्कर त्याचे उत्तर पात्रांच्या तोंडी देत नाहीत, हे त्यांच्या नाटकाचे बळ होय.

५. वाटा

वरील प्रश्नाचे एक उत्तर मराठी कुटुंबव्यवस्थेतच आहे. चूल एक असण्याइतकीच वाटणी मागता येणे हीही एकत्र कुटुंबाची खूण आहे. ज्याला वाटा मागता येत नाही तो घरात असतो, पण घरचा नसतो. उपाहारगृहाच्या कुटुंबात चूल आहे, मीठ आहे, वाटा नाही. हा वाटा मिळवण्याचे दोन प्रयत्न येथे नोंदवले पाहिजेत.

पहिला गिरणगावातला. कोकण-घाटावरून आलेल्या, कुटुंब गावी ठेवलेल्या गिरणी कामगारांना महिनेवारीने जेवू घालणाऱ्या खानावळी स्त्रिया आपल्या खोलीतच चालवीत. जेवणाऱ्यांना त्या मावशी किंवा काकू होत्या. पगार होईपर्यंत उधारीवर जेवण घालायचे, त्यासाठी स्वतः वाण्याकडून व सावकाराकडून जबर व्याजाने घ्यायचे, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत चुलीपुढे राहायचे, असा त्यांचा क्रम. संपकाळात कामगारांना उधार जेवू घालणाऱ्या या स्त्रियांचे श्रम चळवळीच्या हिशेबात धरले जात नसत. ते घरकाम समजले जाई. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने त्यांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज परस्परांच्या जामिनावर मिळवून दिले. जी बाई सर्वांची मावशी होती ती येथे प्रथमच कर्जदार, म्हणजे व्यवसाय करणारी व्यक्ती, म्हणून कागदावर आली. मंडळाने नाव मात्र घरातल्या देवीचे घेतले. कुटुंबाची भाषा सोडावी लागली नाही. तिच्यात हिशेब आणावा लागला. १९८२ च्या संपानंतर गिरणगावच विस्कटत गेले आणि जेवणारे कामगार पांगले, हा पुढचा इतिहास आहे.

दुसरा प्रयत्न कॉफी हाउसचा. कॉफी बोर्डाने १९५० च्या दशकात आपली उपाहारगृहे बंद करण्यास सुरुवात केल्यावर बेकार होणाऱ्या कामगारांनी, ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने, सहकारी संस्था स्थापून ती स्वतः चालवायला घेतली. पहिली संस्था १९५७ मध्ये बंगळूर येथे झाली. पुढे अनेक राज्यांत अशा संस्था निघाल्या. येथे वाढपी हाच भागधारक. पंगतीचे नाते मालकीपर्यंत नेण्याचा हा प्रयोग म्हणता येईल.

हे प्रयोग अपवादात्मक राहिले, आणि त्याची किंमत मार्च २०२० मधील टाळेबंदीत दिसली. उपाहारगृहे बंद झाली तेव्हा ज्यांचे काम आणि निवारा एकाच गाळ्यात होता, त्यांची दोन्ही छत्रे एकदम गेली. काही ठिकाणी मालकांनी माणसांना सांभाळले, काही ठिकाणी नाही. ज्यांना सांभाळले गेले तेही मालकाच्या मनाच्या मोठेपणाने. नाते वाट्याचे असते तर त्यांना मोठेपणाची वाट पाहावी लागली नसती.

६. समारोप

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, उपाहारगृहातील कुटुंबभाव खरा आहे. त्याला खोटी जाणीव म्हणून बाजूला सारणे हा त्यात जगणाऱ्यांचा अवमान होय. दोन, हा भाव दुहेरी आहे : कामगारा-कामगारांतील पंगतीचे नाते आणि मालक-कामगारांतील मिठाचे नाते एकाच 'घरचे' या शब्दात सांगितले जाते, आणि पहिल्याची ऊब दुसऱ्याच्या कामी येते. तीन, या दोहोंतील फरक ओळखण्याची कसोटी म्हणजे वाटा.

पदव्युत्तर अभ्यासकांपुढे येथे दोन कामे आहेत. कामगार साहित्य व आत्मकथने वाचताना नातेवाचक शब्द कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी वापरतो याची नोंद करावी. विशेषतः पगार, रजा व काम सोडणे या प्रसंगी तो शब्द बदलतो का, ते पाहावे. दुसरे काम अधिक कठीण आहे. महाराष्ट्रातील स्वयंपाकघरांत आज तुळू, कन्नड, भोजपुरी, ओडिया, बंगाली, नेपाळी बोलणारी माणसे मराठी माणसांच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत. त्यांचे अनुभव मराठीत आलेले नाहीत, म्हणून मराठी साहित्याच्या अभ्यासाबाहेर ठेवणे सोयीचे आहे. परंतु ज्यांच्या हातचे आपण रोज खातो त्यांची गोष्ट आपल्या भाषेत नसणे ही त्या भाषेची उणीव आहे. मिठाला जागण्याचा वाक्प्रचार आजवर खाणाऱ्या नोकराला लावला गेला. तो त्यांच्या हातचे खाणाऱ्या गिऱ्हाइकाला आणि वाचकालाही लावून पाहावयास हरकत नसावी.